पडद्यावरील पिनबॉल आणि खरी गोळी

हल्लीं संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर पिनबॉल खेळणारे विद्यार्थी आमच्या पाहण्यांत येतात. त्यांपैकीं एकानें आम्हांस विचारलें, "सर, ही गोळी खऱ्या गोळीसारखीच धांवते का?" प्रश्न खेळाचा दिसला, तरी तो पदार्थविज्ञानाचा आहे, म्हणून त्याचें उत्तर येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खरें यंत्र आपल्याकडे क्वचितच पाहावयास मिळतें. त्यांत कांचेखालीं एक लाकडी फळा खेळणाऱ्याकडे सुमारें ६.५ अंशांनीं उतरता बसविलेला असतो. सुमारें २७ मिलिमीटर व्यासाची व ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी स्प्रिंगच्या दांड्यानें त्यावर सोडतात. रबरी कड्यांवर आपटत ती खालीं येते, आणि विद्युच्चुंबकानें हालणाऱ्या फ्लिपर नांवाच्या दोन दांड्यांनीं खेळणारा तिला पुन्हां वर फेंकतो. हे फ्लिपर प्रथम १९४७ सालीं अमेरिकेंत गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' यंत्रांत आले.

संगणकापाशीं मात्र गोळी नाहीं आणि उतारही नाहीं; आहेत ते केवळ आंकडे. गोळीचें स्थान व वेग यांचें क्षणोक्षणीं गणित करून तो तिचें चित्र काढतो. हें गणित दोन ठिकाणीं चुकण्याचा संभव असतो.

पहिलें ठिकाण नियमाचें. उतारावरून गोळी घसरत नाहीं, ती गडगडते. आणि तिची कांहीं शक्ति स्वतःभोवतीं फिरण्यांत खर्च होते. त्यामुळें भरीव गोळीचें प्रवेगमान घर्षणावांचून घसरणाऱ्या वस्तूच्या पांचसप्तमांश असतें. हें विसरणाऱ्या खेळांत गोळी वाजवीपेक्षां लवकर खालीं येते.

दुसरें ठिकाण काळाचें. गोळीचा वेग सेकंदास ३ मीटर आहे व संगणक सेकंदांतून ६० वेळां गणित करतो, असें समजा. दोन गणितांच्या दरम्यान गोळी ५ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या व्यासाच्या जवळजवळ दुप्पट, पुढें जाते. मध्यें पातळ भिंत असली, तर टक्कर संगणकाच्या ध्यानांतच येत नाहीं व गोळी आरपार निघून जाते! म्हणून चांगल्या खेळांत सेकंदांतून हजार वेळां गणित करतात, किंवा टक्कर नेमकी केव्हां होईल तें आधींच काढून ठेवतात. टक्कर ओळखणें किती नाजूक काम आहे, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. विंडोजमधील 'स्पेस कॅडेट' हा १९९५ सालचा खेळ नव्या ६४-बिट संगणकांसाठीं तयार करीत असतां गोळी वस्तूंमधून आरपार जाऊं लागली. दोष सांपडेना, म्हणून खेळच वगळावा लागला, असें मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनीं २०१२ सालीं लिहिलें आहे.

हे दोष आतां पुष्कळ अंशीं दूर झाले आहेत. तरी खऱ्या यंत्राचें रबर जुनें होऊन कठीण बनतें. फ्लिपरांचीं वेटोळीं तापलीं कीं त्यांचा विद्युद्‌रोध वाढून फटका मंदावतो. खेळणारा यंत्रास हळूच धक्का देतो, आणि तो जोराचा झाल्यास आंतील लंबक खेळ थांबवितो. शिवाय आरंभीचा केसाएवढा फरकही प्रत्येक टकरीबरोबर वाढत जातो. म्हणून आमचें उत्तर असें कीं, उत्तम खेळांतील गोळी खऱ्या गोळीच्या नियमानें चालते, परंतु एखाद्या विशिष्ट यंत्रांतील गोळीची वाट ती सांगूं शकत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आमच्या शब्दावर विसंबूं नका. एक मीटर लांब गुळगुळीत फळीचें एक टोक ११ सेंटीमीटर उंच करा, वरून कांचेची गोटी सोडा व मोबाइलमधील घड्याळानें वेळ मोजा. ती सुमारें १.६ सेकंदांत खालीं येईल. नुसती घसरती, तर १.४ सेकंदांतच येती. एकदां मोजून भागणार नाहीं. दहा वेळां मोजून सरासरी काढा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलांचा खेळ एकदम बंद करण्याऐवजीं त्यांस ही फळी करून द्यावी. पडद्यावर मनुष्यानें घातले तेवढेच नियम असतात. फळीवर परमेश्वरानें सृष्टीस लावून दिलेला एकही नियम गळलेला नसतो.