‘बॅगी’ : सैल कीं ढगळ?

इंग्रजी ‘बॅगी’ ह्या विशेषणाचा अर्थ नुसता ‘सैल’ असा पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही सावध करूं इच्छितों. ‘बॅग’ म्हणजे पिशवी. पिशवीसारखें फुगून लोंबतें तें ‘बॅगी’. गांठ सैल होते, दांत हलतो, खिळा ढिला पडतो. ह्या तिहींस इंग्रजींत ‘लूज’ म्हणतात, ‘बॅगी’ नव्हे. अंगाहून मोठा सदरा मात्र ‘बॅगी’, म्हणजे आपला ‘ढगळ’. गुडघ्यांशीं फुगलेली विजारही तशीच. १९०८ सालीं हेन्री जेम्स ह्यांनीं टॉल्स्टॉयच्या ‘युद्ध आणि शांतता’सारख्या अवाढव्य कादंबऱ्यांस हेंच विशेषण लाविलें. तेथें ‘सैल’ म्हटल्यास रचनेचा दोष कळतो, पण अवाढव्यपणा हरपतो; ‘ढगळ’ म्हटल्यास दोन्ही कळतात. मुलांस अर्थ सांगतांना हा घरचा शब्द आधीं आठवावा.