वाशीमची मध्यरेषा आणि ध्रुवांनजीकचे खंड

भास्कराचार्यांनीं शके ११०५ च्या सुमारास रचिलेल्या 'करणकुतूहल' ग्रंथांत लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरील स्थळें दिलीं आहेत. त्यांत उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांच्या पंक्तीस वत्सगुल्म, म्हणजे आपलें वाशीम, येतें. मेरू म्हणजे उत्तर ध्रुव. गेल्या ज्येष्ठांत एका सभासदानें मला विचारिलें, "भाऊसाहेब, या रेषेनें सरळ निघालें तर बर्फ कोठें लागेल?" त्याचें उत्तर येथें देतों.

वाशीम सुमारें २० उत्तर अक्षांशावर आहे. एक अक्षांश म्हणजे अदमासें १११ किलोमीटर. त्या हिशेबानें उत्तर ध्रुव आपल्यापासून पावणेआठ हजार किलोमीटर, तर दक्षिण ध्रुव बारा हजारांहून अधिक दूर पडतो. उत्तरेस रशियाच्या किनाऱ्यापर्यंत बहुतेक जमीनच आहे. दक्षिणेस मात्र भारताचें टोंक संपलें कीं सुमारें साडेआठ हजार किलोमीटर पाणीच पाणी. मग एकदम अंटार्क्टिका. योगायोग असा कीं, भारत सरकारचें २०१२ सालीं सुरू झालेलें 'भारती' संशोधन केंद्र तेथें ७६ पूर्व रेखांशापाशीं, म्हणजे आपल्याच रेषेच्या अगदीं जवळ आहे!

आतां खंडांची तुलना. आशियाचें चेल्युस्किन भूशिर ७७ अंश ४३ कलांवर असून तेथून उत्तर ध्रुव अवघा पावणेचौदाशें किलोमीटर आहे. युरोप व उत्तर अमेरिका यांची मुख्य भूमि ७१-७२ अंशांपर्यंत जाते. ग्रीनलंड बेट तर ८३ अंशांच्या पलीकडे पोंचतें. दक्षिणेकडे आफ्रिका ३५ व्या अंशाच्या आंतच थांबते, ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमि ३९ पाशीं. दक्षिण अमेरिका तेवढी ५४ पर्यंत उतरते, आणि तिच्या शेवटच्या बेटांपासून अंटार्क्टिकाचें द्वीपकल्प हजार किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे.

भिंतीवरील नकाशा पाहून हें समजत नाहीं. गांवनकाशांत माप चुकलें तर हद्दीचा तंटा होतो. जगाच्या नेहमींच्या नकाशांत मात्र ध्रुवाकडील प्रदेश फुगलेलेच असतात. त्यांत ग्रीनलंड आफ्रिकेएवढें दिसतें. वस्तुतः आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. मीहि नोकरींतील कित्येक वर्षें तो नकाशा खरा मानीत होतों.

ध्रुव जवळ म्हणजे थंडी अधिक, हाहि नियम पुरता खरा नव्हे. मुर्मान्स्क बंदर ६९ अंशांजवळ असूनहि उष्ण सागरप्रवाहामुळें हिंवाळ्यांत गोठत नाहीं. त्याहून किंचित् दक्षिणेस, पण जमिनीनें वेढलेलें सैबेरियांतील व्हेर्खोयान्स्क उणे ६७ अंशांपर्यंत गारठलेलें आहे.

आपल्या कपाशी-तुरीचा संबंध येथेंच येतो. उत्तरेस आशियाची एवढी विस्तीर्ण भूमि आणि दक्षिणेस ध्रुवाच्या खंडापर्यंत मोकळा समुद्र, अशी मांडणी असल्यामुळेंच उन्हाळ्यांत जमीन तापून हवा विरळ होते व मॉरिशसच्या दक्षिणेकडील समुद्रावर थंड, दाट हवा सांचते. तेथून निघालेले वारे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यानें उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून आपल्या शिवारावर येतात. मृगाची वाट पाहतांना आपण पश्चिमेच्या ढगांकडे पाहतों. त्यांची सुरुवात मात्र मकरवृत्ताच्या पलीकडे झालेली असते.