हलका ठोसा आणि राष्ट्रीय विजेतेपद : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

शिरूर आणि दौंड या घोड व भीमा नद्यांकाठच्या तालुक्यांत लढतीचा खेळ पाहण्याची नजर गावोगावच्या यात्रांतील कुस्तीच्या आखाड्यांनी घडवलेली आहे, आणि त्या आखाड्यात मान असतो तो निकाली कुस्तीला, म्हणजे एकाची पाठ मातीला लागेपर्यंत चालणाऱ्या कुस्तीला. गुणांवर सुटलेली कुस्ती तेथील प्रेक्षकाला अर्धवट वाटते. हीच नजर घेऊन मुष्टियुद्धाकडे पाहिले की प्रतिस्पर्ध्याला एकदाही खाली न पाडता राज्य किंवा राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या खेळाडूविषयी ‘जिंकला खरा, पण मारले कुठे?’ असा शेरा सहज मारला जातो. तो शेरा ज्या समजुतींवर उभा आहे त्यांतील काही साफ चुकीच्या आहेत, तर एखादी अर्धी खरी आहे.

सर्वांत रुजलेला गैरसमज असा की, ज्याचा ठोसा जड तो विजेता. हौशी मुष्टियुद्धात, म्हणजे राज्य, राष्ट्रीय, आशियाई आणि ऑलिंपिक स्पर्धांत खेळल्या जाणाऱ्या प्रकारात, लढत प्रत्येकी तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते आणि रिंगभोवती बसलेले पाच पंच प्रत्येक फेरीचा स्वतंत्र निवाडा देतात. फेरी जिंकणाऱ्याला १० गुण मिळतात आणि दुसऱ्याला बहुधा ९. ठोसा मोजला जावा यासाठी तो हातमोज्याच्या बोटांच्या सांध्यांकडील भागाने, चेहऱ्याच्या किंवा कमरेवरील धडाच्या समोरील वा बाजूच्या भागावर, मध्ये प्रतिस्पर्ध्याचा हात न येता बसावा लागतो. पंच ठोशाचा दर्जा पाहतात, तसेच डावपेच आणि तंत्र यांच्या जोरावर लढतीवर पकड कोणाची होती हेही पाहतात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधील अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरने ८६ ठोसे लगावले आणि कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२, तरी निकाल ३-२ असा पार्कच्या बाजूने गेला. त्या निकालावरून उठलेल्या गदारोळानंतर आलेल्या आणि २०१३ पर्यंत टिकलेल्या संगणकीय पद्धतीत पाचांपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत कळ दाबली तरच गुण नोंदला जाई, आणि प्रतिस्पर्धी कोसळला तरी त्या ठोशाला एकच गुण मिळे. ती पद्धत गेली, पण नेमकेपणाला मिळालेली किंमत टिकून राहिली.

महाराष्ट्रातील दोन अलीकडील उदाहरणे येथे बोलकी आहेत. पुण्याच्या देविका घोरपडेने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पेनमधील ला नुसिया येथे युवा जागतिक स्पर्धेच्या ५२ किलो गटाचे सुवर्ण जिंकले, ते स्कॉटलंडच्या लॉरेन मॅकीवर ५-० असे, म्हणजे पाचही पंचांच्या एकमताने. हलक्या वजनात असेच चालायचे, असे यावर कोणी म्हणेल. पण नागपूरच्या अल्फिया पठाणने एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधील किल्त्से येथे ८१ किलोंवरील, म्हणजे सर्वांत वजनदार गटाचे युवा जागतिक सुवर्ण मिळवले, तेही अंतिम लढतीत ५-० अशा पंचांच्या निर्णयावरच.

हलका ठोसा म्हणजे कच्ची तयारी, हा दुसरा समज. ठोशाचा जोर दंडातून येतो असे वाटते, परंतु त्याचा मोठा वाटा पायांचा रेटा आणि कमरेची फिरकी यांतून खांद्याकडे येत असतो. त्यामुळे सतत जागा बदलत राहणारा, मागे सरकतानाच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, मारणारा खेळाडू जाणूनबुजून थोडा जोर सोडून देतो आणि त्या बदल्यात सुरक्षित अंतर विकत घेतो. कधी कारण शरीराचेही असते. अमेरिकेच्या पॉली मॅलिनॅगीच्या उजव्या हाताची हाडे वारंवार मोडत गेली आणि त्याच्या ३६ विजयांत नॉकआउट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लढत पुढे चालवणे अशक्य करून मिळवलेले विजय, अवघे ७ राहिले; तरीही तो दोन वेगवेगळ्या वजनगटांत व्यावसायिक जगज्जेता झाला.

असा खेळाडू देशापुरताच चमकतो आणि वरच्या पातळीवर उघडा पडतो, हे भाकीत तर जवळजवळ ठरलेले असते. त्याला सर्वांत ठसठशीत उत्तर अर्जेंटिनाच्या निकोलिनो लोचेच्या कारकिर्दीत सापडते. ११७ विजयांत फक्त १४ नॉकआउट असलेल्या या खेळाडूला त्याचे देशबांधव ‘एल इंतोकाब्ले’, ज्याला शिवताच येत नाही असा, म्हणत. तो हात खाली सोडून उभा राही आणि केवळ मान व कंबर हलवून ठोसे चुकवी. १९६१ मध्ये तो अर्जेंटिनाचा राष्ट्रीय विजेता झाला, मात्र जागतिक किताब मिळायला १९६८ चा डिसेंबर उजाडला. टोकियोत पॉल फुजी या जोरकस ठोशाच्या विजेत्यासमोर तो उभा राहिला. फुजीचे ठोसे हवेत जात राहिले, लोचेचे हलके ठोसे त्याच्या चेहऱ्यावर साचत राहिले, आणि थकलेल्या, डोळे सुजलेल्या फुजीने दहाव्या फेरीसाठी बाकावरून उठण्यासच नकार दिला. ज्याला ठोसा नाही असे म्हणत, त्याने जगज्जेतेपद मिळवले ते अशा रीतीने लढत मुदतीपूर्वीच संपवून. राष्ट्रीय आणि जागतिक विजेतेपदांमधील सात वर्षांचे अंतर मात्र नजरेआड करू नये, कारण ही शैली पिकायला वेळ घेते.

अर्थात हलक्या ठोशाचे काहीच नुकसान नाही, असे म्हणणे हा उलट बाजूचा भाबडेपणा ठरेल. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटशी आणि महार रेजिमेंटशी नाते असलेल्या अमित पंघालने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रिओ ऑलिंपिकविजेत्या हसनबॉय दुस्मातोव्हला नमवले, ते ३-२ असे. एका पंचाचे मत फिरले असते तर सुवर्ण गेले असते. टोकियो ऑलिंपिकमध्ये अग्रमानांकन असूनही कोलंबियाच्या युबेरजेन मार्तिनेझच्या अखंड माऱ्यापुढे तो १-४ असा हरला. एका ठोशात लढत फिरवणारा खेळाडू दोन फेऱ्या गमावूनही तिसरीत जिंकू शकतो. हलक्या ठोशाच्या खेळाडूला ती सोय नसते, त्याला किमान तीन पंचांच्या नजरेत पुढे राहावेच लागते. व्यावसायिक मुष्टियुद्धात ही उणीव अधिक जाणवते, कारण तेथे प्रतिस्पर्धी खाली पडला की फेरी सहसा १०-८ मोजली जाते आणि शिवाय लढती ठरवणारे आयोजक नॉकआउटचा तमाशा विकत असतात.

राष्ट्रीय सुवर्ण मिळाले की भारतीय संघात जागा पक्की, हा समज तर खेळाडूंच्या घरच्यांनाच सर्वाधिक महागात पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये भोपाळला राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या मंजू राणी, शिक्षा नरवाल आणि पूनम पूनिया यांची मार्च २०२३ च्या दिल्लीतील जागतिक स्पर्धेसाठी निवड झाली नाही, कारण भारतीय मुष्टियुद्ध महासंघाने एका स्पर्धेच्या निकालाऐवजी राष्ट्रीय शिबिरातील दीर्घ मूल्यमापन आधाराला घेतले होते. तिघी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, पण संघ बदलला नाही. ४८ किलो गटात मंजूऐवजी निवडलेल्या नीतू घंघासने तेथे सुवर्णही जिंकले. वजनगटाचा प्रश्न वेगळाच. देविकाने जिंकलेला ५२ किलो गट पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी नव्हताच, होते ते ५० आणि ५४. आणि वजन वाढवून वरच्या गटात जाणाऱ्या खेळाडूला आधीच हलका असलेला आपला ठोसा आणखी दणकट प्रतिस्पर्ध्यांवर चालवावा लागतो.

भवितव्याचा विचार पदकांपुरता करण्याचेही कारण नाही. राष्ट्रीय स्पर्धांत पुरुषांमध्ये सेनादलाचे आणि महिलांमध्ये रेल्वेचे वर्चस्व वर्षानुवर्षे दिसते, याचे कारण या संस्था खेळाडूंना नोकरी, आहार आणि सरावाचा वेळ देतात. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे, राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ तेथेच आहेत, आणि सैन्यभरतीच्या तयारीसाठी पहाटे धावणारी मुले शिरूरच्या रस्त्यांवर नवी नाहीत. तेव्हा मुष्टियुद्धाला पोसणारी खाती या दोन तालुक्यांना परकी नाहीत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या पदासाठी कोणत्या पातळीवरचे पदक चालते हे शासन निर्णयाने ठरलेले असते, आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी करून घ्यावी लागते. तीत विजय ठोशावर मिळाला की गुणांवर, असा रकाना नसतो.