बाळाच्या दंडावरची लस आणि मूत्राशयाचा कर्करोग

अमेरिकेतील बीसीजीचा अनेक वर्षांचा तुटवडा भागविण्यासाठी, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली सुधारित बीसीजी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांना देण्याची मुभा तेथील औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिली, हे वृत्त वाचकांच्या स्मरणात असेलच; परंतु महाड तालुक्यातील वीरसारख्या गावच्या रुग्णाला या उपचाराचा लाभ घडावयाचा तर काय काय जुळून यावे लागते, याची हकीकत त्या वृत्तात नव्हती.

तान्ह्या बाळाच्या डाव्या दंडावर क्षयाविरुद्ध टोचली जाणारी ही लस कॅनडातील किंग्स्टनचे डॉ. अल्वारो मोरालेस यांनी नळीवाटे नऊ रुग्णांच्या मूत्राशयात सोडली आणि १९७६ मध्ये तो अनुभव प्रसिद्ध केला. लसीतील निर्बल केलेले जिवंत जंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटले की शरीराच्या संरक्षक पेशी तेथे धावून येतात आणि त्या धुमश्चक्रीत कर्कपेशीही मारल्या जातात. आठवड्यास एक याप्रमाणे सहा मात्रांचा जो क्रम आजही जगभर पाळला जातो, त्याचे मूळ इतकेच, की मोरालेस यांना मिळणारी लस सहा कुप्यांच्या खोक्यात येत असे. योगायोगाने हाती आलेला हा क्रम टिकला, कारण त्याने रोगी बरे झाले.

मात्र ही लस सर्वांसाठी नाही. प्रथम मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात, आणि तिच्या तपासणीच्या अहवालात रोग स्नायूपर्यंत पोचला आहे किंवा नाही, याविषयी जी एक ओळ असते, तिच्यावर पुढचे सारे अवलंबून असते; ती ओळ रुग्णाने डॉक्टरांकडून अवश्य समजावून घ्यावी. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत रोग प्रारंभी स्नायूच्या अलीकडेच असतो, आणि ही लस अशांपैकीच काहींसाठी असते. स्नायूत शिरला असेल तर बहुधा आधी रसायनोपचार करून मग मूत्राशय काढतात व लहान आतड्याच्या तुकड्यातून लघवीला पोटावर वाट करून देतात; काही निवडक रुग्णांत किरणोपचार व रसायनोपचार एकत्र देऊन मूत्राशय राखताही येते.

१९९३ मध्ये रोह्याहून कोकण रेल्वे प्रथम वीरपर्यंतच आली, त्यामुळे खारघर किंवा परळच्या टाटा रुग्णालयाची वाट आज दुर्गम राहिलेली नाही. तरीही सहा आठवडे सहा खेपा, सोबतीला घरचे माणूस, प्रत्येक वेळी बुडणारी मजुरी, आणि पुढे धोका अधिक असल्यास दोन वर्षे दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी, हा भार लहान नव्हे. लस आत गेल्यावर दोन तास लघवी रोखून धरावी लागते. त्यानंतरचे सहा तास पुरुषानेही बसूनच लघवी करावी, भांड्यात ब्लीचिंगचे पाणी ओतून पंधरा मिनिटे थांबावे व मगच पाणी सोडावे, कारण जंतू जिवंत असतात. ज्याला लगेच गाडी पकडावयाची आहे त्याने हे पाळावे तरी कसे? बाळांची बीसीजी शीतपेटीतून खेडोपाडी पोचते. तर मूत्ररोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली या सहा मात्रा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातच देण्याची तजवीज सरकारने केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या रोगाची पहिली खूण म्हणजे वेदनेवाचून लघवीतून जाणारे रक्त. ते एकदा दिसते आणि आपोआप थांबते. मग 'उन्हाळी लागली असेल', 'खडा असेल' म्हणत धन्या-जिऱ्याच्या पाण्यावर महिने निघून जातात, आणि स्त्रियांच्या बाबतीत तर जंतुसंसर्गाच्या गोळ्याच पुन्हापुन्हा दिल्या जातात. रक्त थांबले तरी तपासणी टळता कामा नये.

विडी-सिगारेट हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण होय. पण १८९५ मध्ये लुडविग रेन या जर्मन शल्यवैद्याने फ्रँकफुर्टच्या रंगकामगारांत तो दाखवून दिला, आणि बेन्झिडीन, बीटा-नॅफ्थिलअमाइन यांसारखी काही रंगरसायने तो उत्पन्न करतात हे पुढे सिद्ध झाले. महाडची औद्योगिक वसाहत रसायनांची. कोणत्याही कारखान्यावर ठपका ठेवण्याचा येथे हेतू नाही. परंतु रसायनांशी संपर्क आणि व्याधी यांत वीस-वीस वर्षांचे अंतर पडते, तोवर ठेकेदार बदललेला असतो आणि हजेरीपट गहाळ झालेला असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामामुळे जडणाऱ्या कर्करोगाची वर्दी मुख्य निरीक्षकांना देण्याचे दायित्व डॉक्टरांवरही टाकले, ते याचसाठी. तेव्हा केसपेपरावर वय आणि गाव यांच्याबरोबर 'पूर्वी कोणत्या प्लांटला होतात, रिअ‍ॅक्टरवर की पॅकिंगला, आणि किती वर्षे' हेही विचारून लिहून ठेवावे, ही महाड-पोलादपूरच्या डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे.