हळूहळू उजळणारें चित्र

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं सन १८९२ मध्यें काचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर दाखविण्याचा खेळ आरंभिला. त्याचें नांव ‘शांभरिक खरोलिका’. नांव मोठें भारदस्त खरें! जादूच्या कंदिलाच्या खेळांत एक युक्ति प्रसिद्ध होती. दोन कंदील घेऊन एकाचा प्रकाश मंद करीत जावें व दुसऱ्याचा वाढवावा, म्हणजे एक चित्र विरून त्याच जागीं दुसरें उमलतें.

तीच युक्ति आतां मोबाइलवरील संकेतस्थळांत दिसते. सीएसएस नामक मांडणीच्या भाषेंत ‘ओपॅसिटी’ हा गुण आहे. त्याचें मान शून्य असतां वस्तु अदृश्य व एक असतां पूर्ण दृश्य होते. शून्यापासून एकापर्यंतचा प्रवास किती वेळांत व्हावा, हें ‘ट्रान्झिशन’ या आज्ञेनें ठरतें. सेकंदाचा तिसरा हिस्सा पुष्कळ झाला. लांबीरुंदी बदलल्यास पानाची मांडणी पुनः करावी लागते. ओपॅसिटी बदलतांना शेजारचा मजकूर हालत नाहीं, म्हणून साध्या मोबाइलवरहि चित्र सहसा अडखळत नाहीं.

खरी मेख पुढेंच आहे. शून्य ओपॅसिटीची वस्तु डोळ्यांस दिसली नाहीं, तरी पानांत असतेच. अंध विद्यार्थ्यास मजकूर वाचून दाखविणारा वाचक-प्रोग्राम ती वाचतो. कळफलकानें काम करणारा मुलगा न दिसणाऱ्या बटणावर जाऊन अडकतो. म्हणून जें लपवावयाचें, तें ‘व्हिजिबिलिटी’ या आज्ञेनेंहि लपवावें.

याच्या उलटहि घडतें. उजळविण्याचें काम वेगळ्या प्रोग्रामकडे सोंपविलें, आणि कवठे येमाईसारख्या गांवीं नेटवर्क मंद असल्यामुळें तो पोंचलाच नाहीं, तर दहावीचा निकाल पानांत असूनहि मुलापुढें कोरा पडदा! याकरितां मजकूर मुळांत दृश्य ठेवावा, व प्रोग्राम आल्यावरच लपवून उजळवावा.

कित्येकांस हालत्या चित्रांनीं घेरी येते. त्यांनीं मोबाइलमध्यें ‘हालचाल कमी करा’ ही सोय निवडली असल्यास ‘प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ या सूत्रानें पानास तें कळतें, व मजकूर एकदम दाखवितां येतो. लखलखाट तर धोक्याचाच. ता. १६ डिसेंबर १९९७ रोजीं जपानांत ‘पोकेमॉन’ चित्रमालेंतील तांबड्या-निळ्या प्रकाशाच्या उघडझापीनें शेकडों मुलांस रुग्णालयांत न्यावें लागलें. एका सेकंदांत तिनांहून अधिक वेळां कांहीं चमकूं नये, असा दंडक २००८ च्या जागतिक नियमावलींत आहे.

संगणकाच्या तासास पान तयार करणाऱ्या मुलांनीं माऊस बाजूस सारून केवळ टॅबची कळ दाबीत तें शेवटपर्यंत पाहावें. मग डोळे मिटून, वाचक-प्रोग्रामच्या आवाजावर पुनः एकवार.