कार्यालयातला कॉम्प्युटर रात्री चालू ठेवावा का?

नांदेड-लातूरकडं ग्रामसंघ, प्रभागसंघ आणि माविमची लोकसंचालित साधन केंद्रं यांच्या कामात आता कॉम्प्युटर आला आहे. आम्ही गटांच्या बैठकीला जातो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो, "ताई, संध्याकाळी घरी जाताना तो बंद करायचा का? सारखं बंद-चालू केलं की खराब होतो म्हणतात."

बंदच करायचा. दिवसातून एकदा बंद आणि एकदा चालू, एवढ्यानं तो खराब होत नाही.

आधी बिलाचं बघू. टेबलावरचा साधा कॉम्प्युटर पडद्यासकट, काही काम न करता, साधारण ८० वॅट वीज खातो. संध्याकाळी ६ ते सकाळी १० म्हणजे १६ तास. रोजचं सव्वा युनिट, महिन्याचे ३८. रिकाम्या खोलीत ९ वॅटचे नऊ एलईडी दिवे रात्रभर जळत ठेवल्यासारखंच हे. घरात एक दिवा राहिला तर लेकरांना बोलतो की आपण! पडद्यावर चित्रं फिरत असली म्हणजे वीज वाचते, हा समजही खरा नाही.

बिलापेक्षा मोठी काळजी हिशोबाची. रात्री लाईट जाते, येते, परत जाते. यूपीएस दहा-पंधरा मिनिटं धरतो, तेही बॅटरी चांगली असेल तर. दिवसा तो ओरडायला लागला की आपण काम सेव्ह करून घेतो. रात्री कुलूपबंद खोलीत त्याचं कोण ऐकणार? कॉम्प्युटर झटक्यात बंद पडतो आणि उघडी राहिलेली कर्जाची फाईल बिघडू शकते. कुणाचे किती हप्ते फिटले ते मग वहीवरून पुन्हा भरत बसा. म्हणून हाताची वही सोडायची नाही, आणि आठवड्याला फाईलची एक प्रत पेनड्राईव्हवर घ्यायची.

वळवाच्या दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, नुसतं बटण बंद करून भागत नाही. जवळ वीज पडली तर तिचा झटका तारेतून आत येतो. यूपीएसही तो अडवू शकेल याची खात्री नाही. प्लग बोर्डातून उपसून ठेवा. इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही काढा.

जेवणाच्या सुट्टीत मात्र पूर्ण बंद करायची गरज नाही. 'स्लीप' करा, दोन-चार वॅटवर तो झोपून राहतो. पण काम आधी सेव्ह करा, कारण स्लीपमध्ये वीज पूर्ण तुटली तर न साठवलेलं जातं.

बँकेचं खातं उघडलं असेल तर आधी त्यातून लॉगआऊट व्हा, मग 'शटडाऊन' करा. थेट बोर्डाचं बटण दाबू नका. पडद्यावर 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' असं आलं तर थांबावंच लागतं, एसटी निघायची वेळ झाली असली तरी. त्यामुळं शटडाऊन निघायच्या अर्धा तास आधीच द्या, तोवर वह्या कपाटात लावून होतात.