मोठी गाडी घेण्याआधी टेप लावा!



हंगाम संपला, बिले जमा झाली की आमच्या शेतकी कचेरीत उसाखेरीज आणखी एक विषय निघतो. परवा यावल गटातले एक सभासद आले. म्हणाले, "साहेब, पोराचा हट्ट आहे, एस.यू.व्ही. घ्यायची. कोणती घेऊ?" आम्ही विचारले, "दादा, वाड्याचं फाटक किती फूट?" ते त्यांनी मोजलेच नव्हते.

पूर्वी निवड सोपी होती. गाडी म्हणजे जीप. पुढे १९९४ साली टाटा सुमो, २००० साली बोलेरो, २००२ साली स्कॉर्पिओ आली. आता उंच दिसेल त्या प्रत्येक गाडीला एस.यू.व्ही. म्हणतात. म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, माप. ४ मीटर म्हणजे सुमारे १३ फूट लांबीच्या आतल्या गाड्या लहान गटात येतात. बोलेरो, थार (तीन दारी), नेक्सॉन, ब्रेझा त्यात बसतात. क्रेटा सव्वाचार मीटरच्या वर, तर फॉर्च्युनर पावणेपाच मीटरच्या वर जाते. स्कॉर्पिओ-एन आरसे सोडून सव्वासहा फूट रुंद आहे. कराचा फरकही इथेच पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतील, पेट्रोल १२०० किंवा डिझेल १५०० सी.सी.पर्यंतच्या गाडीला १८ टक्के जी.एस.टी. लागतो, त्यावरील गाडीला ४० टक्के.

दुसरी, सांगाडा. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर या स्वतंत्र चेसिसच्या गाड्या. खड्डे आणि ओझे सोसतात, पण अंगाने जड. नेक्सॉन, ब्रेझा, क्रेटा यांचे अंग आणि चेसिस एकच. त्या हलक्या, डांबरी रस्त्यावर आरामशीर.

तिसरी, पोटाखालची उंची. मागे सरकारने मोठ्या एस.यू.व्ही.वरील सेससाठी रिकाम्या गाडीची ही उंची किमान १७० मि.मी., म्हणजे पावणेसात इंच धरली होती. आपल्या गाडरस्त्यांना त्याहून कमी चालणार नाही. मात्र उंची म्हणजे ओढ नव्हे. दोनच चाकांना जोर असलेली उंच गाडीही पावसाळ्यात काळ्या मातीत रुतते, मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. चारी चाकांना जोर हवा असेल तर 'फोर बाय फोर' आहे का, हे स्पष्ट विचारा.

आता खरा मुद्दा. उसाचे बील हंगामात येते, गाडीचा हप्ता मात्र बाराही महिने येतो. बेणे, खत आणि ठिबकाचे पैसे आधी बाजूला काढा. उरेल त्यात गाडी बसवा.

त्या सभासदांचे फाटक साडेसहा फूट निघाले. मोठी गाडी आरशांसकट आत गेलीच नसती. त्यांनी ४ मीटरच्या आतली चेसिसची गाडी घेतली, उरलेल्या पैशांत दोन एकर ठिबक झाले. पोरगा थोडा रुसला. खोडवा मात्र जोमात आहे.

— ऊस विकास अधिकारी